तीन नंबरचं पॅनल

१

मे महिन्यात रिसालीत सकाळी सहालेच ऊन अंगावर येते. मी उठतो, हिराच्या नाकातली नळी जागेवर आहे का पाहतो, मशीनच्या बाटलीत पाणी भरतो, मंग स्वतःचा चहा ठेवतो. दोन महिने हेच चाललं होतं. मार्चमधे हिराले निमोनिया झाला, फुप्फुसं कमजोर पडली, अन् डॉक्टरनं ऑक्सिजनची मशीन लावून घरी पाठवलं. चाकं लावलेली पेटी आहे ती. दिवसभर घरर-फुस, घरर-फुस करत बसते. बंद पडली का पाच मिनिटात हिराचे ओठ जांभळे होतात. एकदा मी पाहिलं आहे. दुसऱ्यांदा पाहायचं नव्हतं.

मी चौथी पास. इथल्या पोलादाच्या प्लांटमधे, रोलिंग मिलच्या बिजलीखात्यात चौतीस वर्षं काढली. खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर, म्हणून लागलो, लाइनवरचा मिस्त्री म्हणून निघालो. मले कोणी बिजली शिकवू नये. पण पोरगा शिकवते.

पोराचं नाव गौरव. हैदराबादले कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. उन्हाळ्यात आमच्याकडं दुपारी लाइन जाते, तर आईच्या मशीनसाठी त्यानं छतावर सोलर लावून दिलं. सहा पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर. लावणारा रूपेश, आपल्याच समाजाचा, पंचेचाळिशीचा माणूस. पोट सुटलेलं, पण हात साफ. मराठी घरातला असून निम्मं हिंदी बोलते.

इथपर्यंत ठीक होतं. पण गौरवले चैन कुठं. कंपनीचं ॲप पाच पाच मिनिटांनी आकडा दाखवते, अन् तोही आधी कुठं तरी लांब जाऊन परत येते म्हणे. त्याले हैदराबादेत बसून आपल्या घरचा आकडा सेकंदाले पाहिजे. मंग रूपेशनं इन्व्हर्टरमधून एक वायर काढली अन् साबणदाणीएवढ्या एका डब्ब्याले जोडली. गौरवनं तिकडून काय केलं तो जाणे, पण संध्याकाळी आमच्या हॉलच्या भिंतीवर एक पाटी लागली. टॅबलेट म्हणतात. मी पाटीच म्हणतो. एकेक पॅनल किती देते, बॅटरी किती भरली, कोणता बल्ब जळून राहिला, पंप, फ्रिज, मशीन, सगळं तिच्यावर. माझ्या फोनवरही तेच. जिन्यात अन् घरातल्या बोळात माणूस आला का आपोआप लागणारे बल्ब लावले, मी धडपडू नये म्हणून.

"बाबा, मशीनच्या लाइनमधेही एक स्विच टाकतो," गौरव फोनवर म्हणाला. "इथून कंट्रोल होईल."

"तिच्या लाइनमधे कोणाचा हात नाही पाहिजे."

"अरे पण बाबा, सेफ्टीसाठीच तर..."

"मोजायचं तर मोज. हात लावायचा नाही."

शेवटी रूपेशनं वायरीभोवती नुसती मोजायची कडी घातली. घराचं मेन हँडल, जे हिराच्या खोलीतल्या बोर्डावर आहे, ते हातानंच वर-खाली होईल असं मी ठेवलं. त्या हँडलवरून अख्खं घर चालते. अन् मशीन.

२

वायर जोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाटीपुढं बसलो होतो. ऊन असं का कावळाही दिसेना. पाच पॅनल चारशेच्या वर देऊन राहिले होते. तीन नंबर शून्य.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पाहतच राहिलो. एक एकवीसले तीन नंबर एकदम चारशे दहावर.

दुसऱ्या दिवशी तेच. दहाले शून्य, एकवीसले चारशे.

गौरवले फोन केला. तो म्हणाला, "शेडिंग असेल बाबा. टाकीची सावली पडत असेल."

"मे महिन्यात दुपारी एकले सावली पायाखाली असते. टाकी काय उडून राहिली का?"

"मग कबुतराची घाण असेल."

"कबुतर घड्याळ पाहून बसते का अन् पुसून जाते का?"

तो हसला. मले हसू नाही आलं. रूपेशले बोलावलं. प्रत्येक पॅनलच्या मागं एक छोटी डब्बी असते, तिच्यातून आकडा येते. त्यानं तीन नंबरची डब्बी काढून पाचले लावली, पाचची तीनले.

"काकाजी, अब देखो. डब्बी में दोष होगा तो कल पाँच नंबर झीरो दिखाएगा. सीधी बात."

ही सीधी बात मले पटली. आम्हीही प्लांटमधे असंच करायचो, दोष कुठं आहे हे पाहायले माल अदलाबदल करून. दुसऱ्या दिवशी मी साडेबारापासून बसलो. एक दहाले पाच नंबर चारशे बारा. तीन नंबर शून्य.

रूपेशनं फोनवर मले आकडे दोनदा वाचायले लावले. मंग म्हणाला, "ऐसा होता नहीं काकाजी."

"होऊन राहिलं ना."

त्याच दिवशी, मी हिराले नळी सारखी करून देत होतो तर ती म्हणाली, "वर कोण काम करून राहिलं, जी?"

"कोणी नाही."

"मंग चालते कोण? रोज याच टायमाले." ती दम घेऊन बोलते, दोन शब्दांत एक श्वास. "चप्पल नाही घातली त्यानं. पाय घासून चालते. एवढ्या उन्हात पोळत नसन का?"

"उंदीर असन."

"उंदीर पाय घासत नाही," हिरा म्हणाली, अन् डोळे मिटून घेतले.

३

चौथ्या दिवशी मी वर गेलो. हिराचं ऐकून नाही गेलो. लाइनमधे दोष असला तर माणूस जाऊन पाहते, एवढंच.

जिना चढून वरच्या टोपीचा, म्हणजे जिन्यावरच्या खोपटाचा, दरवाजा उघडला तर तोंडावर भट्टीसारखी झळ आली. डोक्यावर ओला गमछा होता, तो चार पावलांत वाळला. छत मोकळं. एका टोकाले पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाले जिन्याची टोपी, मधे सहा पॅनल ओळीनं. टाकीकडं एक नंबर, जिन्याकडं सहा नंबर. कोणी नाही. शेजारच्या छतावर कुरोड्या वाळत घातलेल्या, तिथंही कोणी नाही.

फोन काढला. एक दहा. तीन नंबर शून्य.

तीन नंबरवर ऊन पडलेलं होतं. मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. बाकीच्या पाचांवर पडलं तसंच ऊन, तीच चमक. मी दोन नंबरले हात लावला अन् चटका बसला. चारले लावला, तेच. मंग तीनवर हात ठेवला.

गार. माठाले हात लावल्यासारखं गार. हात काढायची गरज वाटली नाही इतकं गार, अन् तेच मले आवडलं नाही. मी हात तसाच ठेवून उभा राहिलो. काचेवर माझी सावली पायापाशी गोळा झालेली. दुसरी सावली नाही. पॅनलच्या खालून मात्र एक बारीक आवाज येत होता. पान्यानं नट आवळताना येते ना, कर्र, थांबून कर्र. लोखंड उन्हात तापलं का आवाज करते. हे मले माहीत आहे. मी स्वतःले तेच सांगितलं.

मंग मी जे केलं ते डोक्यानं नाही केलं. चौतीस वर्षांची सवय होती, तोंडानं केलं.

प्लांटमधे आमचा एक कायदा होता. लाइन चालू करायच्या आधी, मशीनवर कोणी अडकला तर नाही ना, हे पाहायले मिस्त्री तीन वेळा हाक मारायचा. "लाइनवर कोण आहे?" एक हाक ऐकली नाही, चालते. दुसरी ऐकली नाही, तेही चालते. पण तिसरी हाक ज्याले लागली त्यानं हातातलं काम सोडायचं, खाली उतरायचं, अन् बोर्डापाशी हँडलजवळ येऊन उभं राहायचं. मंग हँडल तोच फिरवणार. लाइनवर जो होता त्याच्याच हातानं हँडल फिरायचं, दुसऱ्याच्या हातानं नाही. यात कित्येक जीव वाचले.

मी त्या छतावर, भर उन्हात, तीन वेळा हाक मारली.

"लाइनवर कोण आहे?"

"लाइनवर कोण आहे?"

तिसऱ्या हाकेले तो कर्र आवाज थांबला. माझ्या हाताखालची काच तापायले लागली. फोन पाहिला तर तीन नंबर चारशे दहा. अन् चार नंबर शून्य.

खरं सांगतो, मले बरंच वाटलं. म्हटलं, हललं तर खरं.

४

दुसऱ्या दिवशी एक दहाले पाच नंबर शून्य झालं. तिसऱ्या दिवशी सहा. सहा नंबर जिन्याच्या टोपीले लागून आहे.

चौथ्या दिवशी सहाही पॅनल चारशेच्या वर. मी सुटकेचा श्वास टाकला अन् तेवढ्यात पाटीवर जिन्याचा बल्ब लागला. सात वॅट. मी उठून जिन्यापाशी गेलो. बल्ब जळत होता, भर दुपारी, रिकाम्या जिन्यात. अकरा मिनिटं.

गौरव म्हणाला, "बाबा, तो सेन्सर उष्णता ओळखतो. पंचेचाळीस डिग्रीत धोका खातो. नॉर्मल आहे."

"मंग बारा वाजता कावून नाही लागला? दोनले कावून नाही?"

"तुम्ही दिवसभर त्या स्क्रीनकडे बघत बसता का? आईकडे बघा."

पोराले वाटलं बाप म्हातारा झाला. झालोच आहे. पण रोज एक पाऊल, हे म्हातारपण नाही. मी रूपेशले बोलावलं अन् म्हटलं, ती वायर काढ, डब्बा काढ, सगळं बंद कर. त्यानं दहा मिनिटात वायर उपसली. पाटी काळी पडली. मले वाटलं संपलं.

दुसऱ्या दिवशी एक दहाले हिरानं मान वळवली. "जिन्यावर आहे," ती म्हणाली. "एकेक पायरी थांबून उतरते."

मी धावत जिन्यापाशी गेलो. बल्ब जळत होता. खालून तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला तर फरशी गार लागली. तिच्या खालची गरम.

मी रूपेशले म्हटलं, वायर परत लाव.

"काकाजी, आपने ही तो बोला..."

"पाटी काळी असली तरी तो येते. तो कुठंवर आला हे तरी दिसलं पाहिजे."

रूपेशनं माझ्याकडं पाहिलं अन् वायर लावून दिली. जाताना चपला घालून लगेच बाहेर पडला. रोज चहा पिऊन जाणारा माणूस, त्या दिवशी चहाले थांबला नाही.

संध्याकाळी मी ओट्यावर बसलो अन् पहिल्यांदा नीट विचार केला. पॅनलवरून जिना, जिन्यातून बोळ, बोळातून पुढं काय? बोळ हिराच्या खोलीत उघडते. हिराच्या खोलीत बोर्ड आहे. बोर्डावर हँडल आहे. तो कोणी चोर-चिलट नव्हता, भटकतही नव्हता. त्याले हाक लागली होती. काम सोडून तो हँडलपाशी येऊन राहिला होता, कायद्यानं. अन् हँडलपाशी आला का तो काय करणार? फिरवणार. प्लांटमधे हँडल खाली असते, फिरवलं का वर जाते. आमच्या घरचं हँडल वर आहे. फिरवलं तर खालीच जाणार.

तुम्ही म्हणाल, खाली गेलं तर तू वर कर. तसं होत नाही. लाइनवरच्या माणसानं फिरवलेलं हँडल त्याचं असते. चौतीस वर्षांत मी दुसऱ्याचं हँडल हलवलं नाही, हात उचलला तरी बोटं वळणार नाहीत. मशीन बंद पडली तर म्हणून ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, पाऊण तासाचा. पाऊण तासानंतर काय? हॉस्पिटलात न्यावं म्हटलं तर डॉक्टरले काय सांगू? अन् हिराले असल्या उन्हात हलवलं तर रस्त्यातच काही तरी व्हायचं.

मीच बोलावलं होतं त्याले. रिसालीत एवढी घरं आहेत, एवढे पॅनल आहेत. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ती हाक तीनदा निघालीच नसती.

दुसऱ्या दिवशी एक दहाले बोळातला बल्ब लागला. सात वॅट. हिराच्या दारापासून चार हात.

५

त्या संध्याकाळी मी लोखंडी पेटी उघडली. तळाशी, रिटायर होतानाच्या कागदाखाली, माझं प्लांटमधलं टोकन होतं. पितळेचं, रुपयापेक्षा थोडं मोठं, वर भोक. मागच्या बाजूनं नंबर ठोकलेला, ४४१७. रिटायर होताना ते जमा करायचं असते. मी हरवलं म्हणून लिहून दिलं होतं. कावून, ते माहीत नाही. चौतीस वर्षं गळ्यात होतं, देववलं नाही.

टोकनाचाही कायदा होता. ज्या हँडलले टोकन लागलं ते हँडल टोकनवाल्याचं. वर असलं तर वर राहणार, खाली असलं तर खाली. दुसरा माणूस आला, साहेब का असेना, तो आधी टोकन पलटून नंबर वाचणार, कोणाचं आहे ते पाहणार, अन् हात मागं घेणार. टोकन काढायचा हक्क फक्त ज्याचं आहे त्याले.

मी तारेनं टोकन हँडलले बांधलं. नंबर आतल्या बाजूनं, जसा बांधतात तसा. हिरा पाहत होती.

"हे काय?"

"कायदा आहे."

"घरात कायदा?"

"झोप तू."

दुसऱ्या दिवशी साडेबाराले मी हिराच्या खोलीत स्टूल घेऊन बसलो, पलंग अन् बोर्ड यांच्या मधे. सिलिंडर पायाशी. फोन हातात. दाराले पडदा, तो बाजूले बांधून ठेवला. हिरा डोळे मिटून पडली होती, झोपली असं मले वाटलं. मशीन घरर-फुस करत होती. मी त्या आवाजाबरोबर श्वास घ्यायले लागलो होतो.

एक दहा. सहाही पॅनल चारशे पंधरा. जिना, सात वॅट. मंग जिना बंद, बोळ सात वॅट. रोज हा बल्ब अकरा मिनिटं जळायचा. त्या दिवशी एका मिनिटात विझला.

दार रिकामं होतं. बांधलेला पडदा हलला नाही. पण गुडघ्यापासून खाली मले गार लागायले लागलं, कोणी माठ आणून शेजारी ठेवल्यासारखं. मी स्वतःले म्हटलं, कूलरची हवा. कूलर बंद होता, मीच बंद केला होता, आवाज ऐकू यावा म्हणून. अन् आवाज आला. फरशीवर अनवाणी पाय. घासून एक, घासून दोन. माझ्या डाव्या बाजूनं गेला अन् बोर्डापाशी थांबला.

मी फोनकडं पाहत होतो. मशीन, तीनशे दहा वॅट. तीनशे दहा. मी तो आकडा धरून बसलो होतो. मान वर करायची हिंमत नव्हती, हे लिहायले मले लाज नाही. मंग पितळ तारेवर सरकल्याचा आवाज आला, एवढासा, अन् मी पाहिलं.

टोकन पलटलेलं होतं. नंबर खोलीकडं. ते लटकत नव्हतं. बोर्डापासून वीतभर पुढं, तार ताणून, आडवं धरलेलं होतं, अन् खिडकीकडं जरासं तिरपं केलेलं. नजर कमी झालेला माणूस बारीक अक्षर उजेडात धरते ना, तसं. धरणारं काही दिसत नव्हतं. चार आकडे वाचायले माझ्यासारख्या चौथी पासले जेवढा वेळ लागन, तेवढा वेळ ते तसं राहिलं.

माझ्या तोंडून शब्द निघाले. "माझं आहे. केवलराम. रोलिंग मिल. मी इथंच बसलो आहे."

टोकन सुटलं नाही. कोणी तरी ते जागेवर नेऊन ठेवलं, नंबर आत करून, आवाज न करता. जिवंत लाइनवर काम केलेला माणूसच वस्तू अशी ठेवते.

हँडल वरच होतं.

मी हिराकडं पाहिलं. डोळे मिटलेले. उजवा हात चादरीवर होता अन् त्याची दोन बोटं वर उचललेली. जराशानं खाली गेली. म्हटलं झोपेत हात उडते माणसाचा. गारवा अजून होता, पलंगाच्या त्या बाजूले, उशाशी. माझे कान भणभणत होते, मशीनच्या आवाजापलीकडं काही ऐकू येईना.

मंग बोळातला बल्ब लागला. गेला. जिन्यातला लागला. मी फोन दोन्ही हातांनी धरला. सहा नंबर शून्य. सहाचा आकडा चढला, पाच शून्य. पाच चढला, चार शून्य. तीन. मी म्हटलं इथं थांबला तर उद्यापासून परत सुरू. तीनचा आकडा चढला. दोन शून्य. एक शून्य. त्याच्या पुढं टाकी, अन् टाकीच्या पुढं काही नाही.

एक एकवीसले सहाही पॅनल चारशेवर होते. मी पाच वाजेपर्यंत स्टुलावरून उठलो नाही.

६

त्यानंतर तीन नंबर कधी शून्य झालं नाही. पहिले आठ दिवस मी बाराले बसायचो, दोनले उठायचो. मंग एक दिवस बसायचं राहून गेलं, अन् राहून गेलं हे मले दुसऱ्या दिवशी समजलं. त्या दिवशी मी पोट भरून बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, खाल्ली, ताकात कालवून, वरून कांदा, अन् फरशीवर आडवा होऊन झोपलो. हिरा म्हणते मशीनपेक्षा माझ्या घोरण्याचा आवाज मोठा होता.

गौरवले वाटते त्यानं तिकडून अपडेट टाकला म्हणून दोष गेला. वाटू द्या. रूपेश आला, आकडे पाहिले, म्हणाला, "सब बढ़िया है काकाजी," अन् या वेळी दोन कप चहा पिऊन गेला. बोर्डावरच्या टोकनाकडं त्यानं पाहिलं. त्याचा सासरा प्लांटमधेच, कोक ओव्हनच्या भट्टीवर होता. त्यानं हात लावला नाही.

जुलैच्या शेवटी डॉक्टरनं हिराच्या बोटाले ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली, आकडा पाहिला, परत लावली, परत पाहिला. म्हणाला, एवढ्या लवकर असं होत नाही, पण झालं आहे. मशीन बंद करा. दुसऱ्याच दिवशी सप्लायवाला पेटी घेऊन गेला. घरात एवढी शांतता झाली का मले रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकू आली.

हिरा नळीशिवाय अंगणापर्यंत चालत गेली. मी मागं मागं.

"मागं नका येऊ वो. पडत नाही मी."

"पडली तर?"

"तर उठन."

ती ओट्यावर बसली. लांब श्वास घेतला, सोडला. परत घेतला. पोरीसारखी हसली. मी तिच्या बाजूले बसलो. मले बरं वाटत होतं, एवढं बरं का डोळ्यात पाणी आलं अन् मी गमछ्यानं तोंड पुसल्यासारखं केलं.

"त्यानं सांगितलं होतं," हिरा म्हणाली.

"डॉक्टरनं?"

"डॉक्टरनं कावून. तुम्ही स्टुलावर बसले होते त्या दिवशी. तो उशाशी थांबला ना जाताना. म्हणाला, बाई, किती दिवसांपासून आहे हे? मले बोलायले दम कुठं होता. मी बोटं दाखवली, दोन महिने. मंग म्हणाला, ठीक होऊन जाईल."

रस्त्यानं एक भाजीवाला हाका मारत गेला.

"तू मले कावून नाही सांगितलं?"

"तुम्ही तिथंच तर होते. मले वाटलं तुम्हाले ऐकू आलं."

"अन् तू त्याच्याशी बोलली?"

"घरी आलेला माणूस तब्येत विचारते तर सांगू नको का?" ती माझ्याकडं पाहून म्हणाली, जसा मीच काही तरी उलटं बोलून राहिलो होतो. "भला होता बिचारा. आवाज बसलेला होता, बस."

तिनं पदर सारखा केला अन् भाजीवाल्याले हात दाखवला. हलक्या हातानं उठली, एकटी, दम न लागता, फाटकापर्यंत गेली अन् भेंडी निवडायले लागली. मी ओट्यावरच बसून तिचा श्वास पाहत होतो. चांगला होता. एकसारखा होता.

तो कसा दिसत होता, हे मी तिले विचारलं नाही. आजपर्यंत विचारलं नाही. तिनं सांगितलं असतं.